वाटीचं गाऱ्हाणं

ऑफिसची लिफ्ट बंद पडली की माणसं कळतात. चढताना सगळेच हाशहुश्श करतात. मी बघते ते उतरताना कठडा कोण धरतं ते. सगळी तिशीच्या अलीकडपलीकडची मंडळी आणि डायलॉग एकच, ‘म्हातारे झालो यार!’ छे हो.

मांडीच्या पुढच्या स्नायूंची दोरी खाली नडगीच्या हाडाला बांधलेली असते. त्या दोरीत ओवलेलं हाड म्हणजे आपली वाटी. ती दोरीला सांध्यापासून जरा पुढे उचलून धरते, म्हणून पाय सरळ करायला कमी जोर लागतो. गुडघा वाकला की वाटी मांडीच्या हाडातल्या खाचेत सरकते आणि तिथे दाबली जाते. जिना उतरताना तर सगळं वजन त्या एका वाकलेल्या पायावर. मल्टिप्लेक्समध्ये तीन तास बसून उठताना कळ येते, तीही यातलीच; इंग्रजी वैद्यकात तिला चक्क ‘मूव्हीगोअर्स साइन’ म्हणतात. (क्यूबिकलवाल्यांना तर तिकीटही काढावं लागत नाही.)

आता गंमत. वाटीमागची कूर्चा शरीरातल्या सर्वांत जाड कूर्चांपैकी एक, पण तिच्यात दुखणं जाणवणाऱ्या नसाच नाहीत. कळ येते ती खालच्या हाडातून, सांध्याच्या अस्तरातून, वाटीखालच्या चरबीच्या गादीतून. म्हणून नुसत्या कटकट आवाजाला घाबरू नका, आणि एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे दुखणं खोटं, असंही कुणाला म्हणू देऊ नका. माझ्या एका मैत्रिणीला कुणीतरी ‘गुडघा घासलाय’ असं सांगितलं आणि तिने दोन वर्षं ट्रेकच बंद केले. एक्स-रे स्वच्छ! तेवढ्यात मांड्या आणखी अशक्त, दुखणं आणखी जास्त. याचा मला खरंच राग येतो.

पुढे एका फिजिओथेरपिस्टने तिला कुशीवर झोपवून पाय उचलायला लावले. ‘दुखतो गुडघा आणि व्यायाम कमरेचा?’ बाईसाहेब वैतागल्या. पण नितंबाच्या बाजूचे स्नायू कमजोर असले तर पायावर भार येताना मांडीचं हाड आत वळू शकतं, म्हणजे खाचच वाटीखालून सरकते. मग मांडीचे व्यायामही आले. दोन-तीन महिने नेटाने करावं लागतं, करताना थोडंसं दुखलं तरी चालतं.

सूज आली, गुडघा अडकला किंवा पडल्यावर दुखायला लागलं, तर मात्र थेट ऑर्थोपेडिककडे.

मैत्रीण परवा राजमाचीला जाऊन आली. उतरताना हातात काठी होती. चिखलासाठी, असं तिचं म्हणणं.