दगडातलं तेल आणि राखेचे डोंगर

"आपल्या दगडात तेल आहे, पण पर्यावरणवाले काढू देत नाहीत." दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी हे फिरवतंच, आणि पुराव्याला एस्टोनिया. बरं, एस्टोनियाबद्दलच बोलू.

आधी एक गोंधळ, जो आम्ही पेपरवाल्यांनीही वाढवलाय. अमेरिकेत फ्रॅकिंगने काढतात ते खडकात अडकलेलं तयार तेल. ऑइल शेलमध्ये तेल नसतंच. असतं केरोजेन, तेल व्हायचं राहून गेलेला घन पदार्थ. खडक खणायचा, फोडायचा, सुमारे ५०० अंशांवर भाजायचा, तेव्हा तेल. नाहीतर कोळशासारखा सरळ जाळायचा. एस्टोनियाने दोन्ही केलं. कित्येक वर्षं त्यांची ९० टक्क्यांहून जास्त वीज यातूनच यायची.

तिथला खडक उत्तम प्रतीचा. तरी जाळल्यावर जवळजवळ निम्मं वजन राख म्हणून उरतं. राखेच्या तळ्यातल्या पाण्याचा सामू १२ च्या वर. खाण कोरडी ठेवायला भूजल उपसतात, मग आसपासच्या विहिरी आटतात. "अहो, राखेचं सिमेंट होतं!" होतं की. आम्लधर्मी जमिनीतही टाकतात. संशोधन खरंच आहे. पण खपते ती किरकोळ, बाकीची साठत जाते. किव्हिऑली गावात तेल काढून उरलेल्या कचऱ्याच्या डोंगरावर आता स्कीइंग चालतं. (आपल्याकडच्या औष्णिक केंद्राशेजारी राहणाऱ्याला हे कौतुक सांगून बघा.)

आणि रोजगार? अमेरिकेतल्या कोलोरॅडोत २ मे १९८२ ला एक्झॉनने आपला ऑइल शेल प्रकल्प एकाएकी बंद केला. दोन हजारांवर लोकांचं काम गेलं. तेलाचे भाव उतरले होते, हिशोब जमेना. मागे राहिली ती त्या प्रकल्पाच्या भरवशावर वाढवलेली गावं.

एस्टोनियाला मी हसत नाही. रशिया शेजारी असताना घरचं इंधन सोडणं सोपं नाही. पण वीज देशभर गेली आणि राख राहिली एकट्या इडा-विरू जिल्ह्यात, तिथल्या बहुतांश रशियन बोलणाऱ्या खाणकामगारांच्या दारात. ही वाटणी कुणी ठरवली, ते पोस्टवाले सांगत नाहीत.

आसामच्या कोळसापट्ट्यात असा खडक आहे. काढायचा तर काढा. पण प्रेसनोटमध्ये नोकऱ्यांच्या आकड्याशेजारी एवढं छापा: टनामागे राख किती, ती कुणाच्या शेताशेजारी पडणार, आणि कंपनी गेल्यावर ती सांभाळायचे पैसे आज कुठल्या खात्यात जमा केलेत.