शेजारणीची गोळी

पेठ वडगावहून एका भगिनीने विचारले आहे : "सासूबाईंना साखरेचा आजार आहे, गुडघेही दुखतात. शेजारच्या खालांना ज्या गोळीने दोन दिवसांत आराम पडला, तीच आम्ही बाजाराच्या दिवशी दुकानातून आणली. द्यावी का?"

भगिनी, आधी पाकिटावरचे नाव वाचा. सूज बाहेरून सारखीच दिसते, आतले कारण मात्र वेगळे असते.

अंगावर पित्त उठते तेव्हा शरीरात हिस्टामिन सुटते. सेट्रिझिन त्याला अडवते. गुडघ्याला तिचा उपयोग नाही. झिजलेल्या गुडघ्याची कळ आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकने कमी होते, पण जठर आणि मूत्रपिंडाला त्यांचा त्रास होऊ शकतो. रोजात उपाशीपोटी, पाणी न पिता तर जास्तच. आमवातात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. तिथे मेथोट्रेक्सेट देतात, तेही आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते.

प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडे सगळीच प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून जादूसारखा गुण येतो. पण साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, दबलेला क्षय डोके वर काढू शकतो.

कोरोनाचा काळ आठवा. 2020 मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता, त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. पुढच्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात काळ्या बुरशीने अनेकांचे डोळे, जबडे नेले. आटोक्याबाहेरची साखर आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही त्याची मोठी कारणे होती. औषध तेच, कोणाला, कधी आणि किती, यावर सारे ठरले.

तेव्हा खालांची गोळी सासूबाईंना देऊ नका. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. साखर, रक्तदाब आणि चालू असलेली औषधे सांगा. आधीच दोन-चार गोळ्या दिल्या असतील तर साखर तपासून घ्या. आणि खालांनाही निरोप द्या : ती गोळी स्टेरॉइडची असेल आणि काही आठवडे चालू असेल, तर मनाने एकदम बंद करू नये. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.

शेजारधर्म जरूर पाळावा. डब्यातून सालन पाठवावे, गोळ्या नव्हे.