पोरं हरली, पण रिपोर्ट नीट वाचा

११ फेब्रुवारी २०२४ ला बेनोनीत भारताची अंडर-१९ टीम वर्ल्ड कप फायनल हरली आणि तासाभरात निकालपत्र तयार झालं: 'ऑस्ट्रेलिया दिसली की आपली पोरं गळपटतात.' आदल्या जूनमध्ये टेस्ट चॅम्पियनशिपची फायनल, नोव्हेंबरमध्ये अहमदाबाद आणि आता हे. तीन पराभव एका माळेत ओवले की झाली थिअरी. आजही या टीमचा विषय निघाला की हेच ऐकू येतं.

ही थिअरी आळशी आहे. अहमदाबादेत खेळलेला एकही जण बेनोनीत नव्हता. शिवाय याच अंडर-१९ स्पर्धेच्या फायनलमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला २०१२ मध्ये हरवलंय आणि २०१८ मध्येही. भीती रक्तात असती, तर ती तेव्हा कुठे गेली होती?

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. टेस्ट फेल झाली की आम्ही कोडला भित्रा म्हणत नाही, लॉग उघडून बघतो. या टीमचा लॉग उघडू.

सेमीफायनलच्या आधी पाच मॅच. बांगलादेशवर ८४ धावांनी विजय, आयर्लंड आणि अमेरिकेवर प्रत्येकी २०१, न्यूझीलंडवर २१४, नेपाळवर १३२. आपण कॉलर ताठ केली. पण पाचही वेळा भारताने पहिली बॅटिंग केली होती, हे किती जणांनी पाहिलं? चेस करायची वेळ आली थेट सेमीफायनलमध्ये. समोर २४५ चं टार्गेट आणि स्कोअर ४ बाद ३२.

दुसरा आकडा. उदय सहारन ३९७, मुशीर खान ३६०, सचिन धस ३०३. स्पर्धेत सर्वाधिक धावा करणारे पहिले दोघं आपलेच. छान वाटतं ना? आता बेरीज करा. तिघांच्या मिळून १०६० धावा, अख्ख्या टीमच्या सात मॅचमधल्या १८९२. म्हणजे शंभरातल्या छप्पन्न धावा तीन बॅटमधून. फायनलमध्ये या तिघांनी मिळून ३९ केल्या आणि २५४ चा पाठलाग १७४ वर संपला. त्याआधी कुठल्याच अंडर-१९ फायनलमध्ये कुणी २५३ धावा उभारल्या नव्हत्या, हेही लक्षात ठेवा.

माझं मूल्यमापन एवढंच: टीम चांगली होती, पण तिची एक बाजू तपासलीच गेली नव्हती. मोठ्या विजयांनी ती झाकली, फायनलने उघडी केली. टीका करायचीच तर यावर करा. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांच्या काळजाचं माप काढू नका.

काळजाबद्दल शंका असेल, तर ६ फेब्रुवारीची सेमीफायनल पुन्हा पाहा. यजमान दक्षिण आफ्रिका, चार गडी गेलेले आणि क्रीजवर सहारनबरोबर बीडचा सचिन धस. १७१ धावांची भागीदारी. सचिनच्या ९५ चेंडूंत ९६ धावा, त्यात ११ चौकार आणि एकच षटकार. म्हणजे ४६ धावा पळून काढलेल्या. भारत दोन गडी राखून जिंकला.

आता आपल्याकडे येतो. सेमीफायनल जिंकल्यावर 'मराठवाड्याचा वाघ' म्हणून स्टेटस ठेवणारे आम्ही, इथे चाकूरला, लातूरला, नांदेडला पोरांना काय खेळायला देतो? कुठल्यातरी नेत्याच्या नावाचा चषक, टेनिस बॉल, सहा-आठ षटकांची मॅच, डीजे आणि सिक्सला बक्षीस. मजा येते, मीही बघतो. पण ४ बाद ३२ वरून डाव कसा बांधायचा, हे त्यात कुणी शिकत नाही. सीझन बॉल, टर्फ विकेट, पन्नास षटकं हवी असतील तर बॅग उचला आणि पुणे गाठा. ज्याच्या घरच्यांना ते झेपत नाही, त्याचं क्रिकेट दहावीला संपतं. जो यातून पार होतो त्याच्यावर आपण हक्क सांगतो आणि जे गळतात त्यांची मोजदादही करत नाही.

कुणी म्हणेल, शेवटी ट्रॉफीच लक्षात राहते. राहते का? २०१६ ची अंडर-१९ फायनल भारत वेस्ट इंडिजकडून हरला. त्या टीममधून ऋषभ पंत, इशान किशन, वॉशिंग्टन सुंदर आले. २०२० ला बांगलादेशकडून हरलेल्या टीममधून यशस्वी जैस्वाल आला. आणि २०१२ ची फायनल नाबाद शतक ठोकून जिंकून देणारा कॅप्टन उन्मुक्त चंद भारताच्या सीनियर टीमकडून एकही मॅच खेळला नाही. ज्युनियर टीमची ट्रॉफी म्हणजे सहामाहीचे मार्क. त्यावर पोराचं आयुष्य ठरवणारा मास्तर आपल्याला आवडत नाही, मग आपण तसे का वागतो?

बीसीसीआयच्या नियमानुसार खेळाडूला अंडर-१९ वर्ल्ड कप एकदाच खेळता येतो. बेनोनीच्या पोरांना हा पेपर पुन्हा देता येणार नाही. पण पुढच्या सचिनला पूर्ण पन्नास षटकं खेळायला तालुक्यात एक बरी विकेट मिळू शकते. पुढच्या वेळी चौकात चषकाची वर्गणी मागायला आले, तर पैसे जरूर द्या. फक्त विचारा, यातून विकेट कधी करताय?