फवारणीचा संथ धोका

वऱ्हाडातील यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. हा धोका तत्काळ दिसतो. दुसरा मात्र संथ आहे. अमेरिकेतील 76 हजारांहून अधिक स्त्रियांच्या, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कीटकनाशके हाताळणाऱ्यांत आमवात व ल्युपस यांचे प्रमाण अधिक आढळले. या विकारांत शरीराची रोगप्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. कार्यकारणसंबंध अद्याप सिद्ध झालेला नाही. परंतु सावधगिरीसाठी तोवर थांबणे शहाणपणाचे नव्हे. अकोला-अमरावतीच्या कास्तकारांनी हातमोजे व मुखपट्टी वापरावी, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये, फवारणीचे कपडे निराळे धुवावेत. कार्यकर्त्यांनी हे घरातील स्त्रियांनाही समजावावे. ते कपडे बहुधा त्यांच्याच हाती येतात.