पाण्याचं काय ते बोला!

मंडळी, अणुभट्टीचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच टेप वाजतात. एक पार्टी "चेर्नोबिल होणार" म्हणते, दुसरी "तुम्हाला विकासच नको" म्हणते. जैतापूरच्या वादात दोन्ही ऐकून कान किटले. पण भट्टीतल्या पाण्याबद्दल कोणी एक प्रश्न विचारेल तर शपथ!

हसू नका. सातारा-सांगलीकडच्या साखर कारखान्यातल्या बॉयलरवाल्याला विचारा. कंडेन्सेटमधून साखरेचा अंश बॉयलरमध्ये गेला की त्याचं ॲसिड होतं आणि ट्यूबा खाल्ल्या जातात. म्हणून तर अल्फा नॅफ्थॉलची टेस्ट करतात.

अणुभट्टीतही दुखणं पाण्याचंच. तारापूरच्या 1969 सालच्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या. किरणोत्साराने पाणी फुटतं, त्यातून ऑक्सिजन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पाइप स्टेनलेस स्टीलचे असले तरी वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळचं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि धातूच्या कणांच्या सीमा कमजोर होतात. त्यात ताण आला की आतल्या आत चीर सरकत जाते. म्हणून अशा भट्ट्यांच्या पाण्यात काही देशांत मुद्दाम हायड्रोजन सोडतात, पाइपला कमी कार्बनचं स्टील वापरतात. तारापूरच्या या दोन्ही भट्ट्या 2020 मध्ये बंद झाल्या, आणि नंतरच्या दुरुस्तीत रीसर्क्युलेशनचे पाइप बदलायचं काम निघालं.

"पण डिझाइन सेफ आहे ना?" हे वाक्य ऐकलं की माझ्यातला प्रोग्रामर खवळतो. डिझाइन कागदावर असतं, गंज पाइपात! जपानच्या मिहामात 9 ऑगस्ट 2004 ला पाइप फुटून पाच कामगार गेले. वाहत्या पाण्याने 10 मिलिमीटरची भिंत झिजून दीड मिलिमीटरच्याही खाली आली होती. भट्टी 1976 पासून चालू, पण तो भाग तपासणीच्या यादीतच नव्हता. 28 वर्षं! सुनामी नाही, बॉम्ब नाही, यादीतली एक ओळ राहिली.

म्हणून दोन्ही पार्ट्यांना सांगणं आहे, घोषणा पुरे. पाण्यातला ऑक्सिजन किती, पाइपची जाडी किती उरली, कुठले जोड तपासले, हे दरवर्षी प्रत्येक भट्टीचं वेगळं आणि मराठीत छापा अशी मागणी करा. "सामान्य माणसाला काय कळणार?" म्हणू नका. माती परीक्षणाचा रिपोर्ट वाचून खताचा डोस ठरवणारा आमच्याकडचा ऊसवाला हेही वाचेल.

असो. पटलं तर बघा.