करवत अडखळते तेव्हा



वळवाचा पाऊस येण्याआधी बांधावरच्या बाभळी, वाळलेले लिंब उतरवण्याची सगळीकडे घाई असते. आपल्या खजुरीकडेही आता कुऱ्हाडीच्या जागी पेट्रोलवर चालणारी करवत, म्हणजे चेन-सॉ, आली आहे. कष्ट वाचतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती बिघडलेली करवत तशीच रेटण्याच्या आपल्या सवयीविषयी.

करवत कधी एकदम पळते, कधी दम टाकते, जोर दिला की बंद पडते. मग आपण काय करतो? पेचकस घेऊन कार्बोरेटरचे स्क्रू पिळत बसतो. माझ्या मते हा उपाय अगदी शेवटचा आणि तोही मेकॅनिकच्या हातचा. कालपर्यंत नीट चालणाऱ्या मशीनचे स्क्रू रात्रीतून आपोआप फिरत नाहीत. दोष बहुधा पेट्रोलच्या डब्यात असतो.

२०२५ पासून देशभर पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसाच्या शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे, हे मान्य. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. डबा बरेच दिवस पडून राहिला की पाणी आणि इथेनॉल तळाशी बसते, आणि टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. त्या थरात वंगणाचे तेल जवळजवळ नसतेच. कार्बोरेटरमधले रबरी पडदेही अशा पेट्रोलाने कडक होतात. कित्येक कंपन्यांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांहून अधिक इथेनॉल नको असे छापलेले असते. पुस्तिका वाचतो कोण, हा प्रश्न वेगळा! म्हणून आठवड्याला लागेल तेवढेच मिश्रण करावे. पुस्तिकेत १:५० लिहिले असेल तर लिटरला २० मिली टू-टी तेल, १:२५ असेल तर ४० मिली. अंदाजाने, बाटलीच्या झाकणाने नव्हे.

ताजे पेट्रोल घालूनही अडखळत असेल तर हवेची जाळी धुवा. बाभळीचा भुसा तिच्यात गच्च बसतो. टाकीतला छोटा फिल्टर बदला. प्लग काढून पाहा. काळा व ओला असेल तर पुसून पुन्हा लावा, फार झिजला असेल तर नवा घ्या. टाकीचे झाकण थोडे सैल केल्यावर मशीन सुधारले, तर हवा येण्याचे भोक बुजले आहे असे समजा. मात्र हात न लावता इंजिन पळू लागले, किंवा करवत आडवी केली की आवाज बदलला, तर कुठून तरी फाजील हवा आत शिरत आहे. तेव्हा ताबडतोब बंद करा. पिस्टन जाम होईल. ही तपासणी बंद खोलीत करू नये. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

आता माझा खरा मुद्दा. मशीन मालकाचे असते, पण ते धरणारे हात मजुराचे असतात. दम टाकणाऱ्या इंजिनाला मजूर जास्त दाबतो, ते अचानक उचल खाते, पात्याचे टोक फांदीला लागून करवत उलटी अंगावर येते. रेस सोडल्यावरही साखळी फिरत राहत असेल तर धोका आणखी मोठा, कारण तो पुढच्या फांदीकडे पाऊल टाकतो ते फिरत्या साखळीसह. पायात स्लिपर, कमरेला लुंगी. अशी जखम झाली तर हळद, तंबाखू न लावता स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि थेट दवाखाना गाठावा.

अनुवादाच्या १९ व्या अध्यायात लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून शेजारी मरतो, तेव्हा तोडणाऱ्याला आश्रय दिला आहे, कारण त्याच्या मनात वैर नव्हते. पण २२ व्या अध्यायात घराच्या धाब्याला कठडा न बांधणाऱ्या मालकाला मात्र वरून पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष लागतो. दोष ठाऊक असताना “जरा नखरे करते, सांभाळून घे” असे म्हणून करवत मजुराच्या हाती देणारा या दोघांपैकी कोण? मला तो दुसरा वाटतो. मिस्साच्या आरंभी आपण न केलेल्या कर्तव्याचीही कबुली देतो, ती काही केवळ प्रार्थना चुकवल्याची नसते.

दुरुस्तीचे पैसे हंगामानंतर येणार असतील तर तोवर कुऱ्हाड चालेल. आणि करवत उधार मागायला कोणी आलाच, तर तिचा प्लग काढून घरात ठेवलेला बरा.