कच्च्या लिंबाची कैफियत

या दिवाळीत ज्यांच्या घरी भाचरे-पुतणे जमणार आहेत, आणि फराळाच्या बशा उचलल्यावर पत्ते, कॅरम किंवा बुद्धिबळ निघणार आहे, त्या समस्त वडीलधाऱ्यांना माझी एक विनंती आहे : मुलांशी खेळताना मुद्दाम हरू नका!

एवढे एक वाक्य लिहिले आणि माझ्या डोळ्यांपुढे शे-दोनशे आज्या, आत्या आणि मावश्या पदर खोचून उभ्या राहिल्या. "अहो, लेकरू आहे ते! जिंकले तर तुमचे काय जाते?" काय जाते, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. आणि हे मी लेकराच्या बाजूने नव्हे, तर स्वानुभवाने सांगत आहे. कारण गेल्या दिवाळीत पंचेचाळिसाव्या वर्षी मला कोणीतरी मुद्दाम जिंकू दिले, आणि त्या विजयाइतका अपमान माझ्या कादंबऱ्यांच्या परीक्षणांनीसुद्धा केलेला नाही.

लगोरी, लपंडाव, डबा ऐसपैस ज्यांनी खेळला आहे त्यांना 'कच्चा लिंबू' म्हणजे काय ते सांगावयास नको. थोरल्या भावंडांच्या शेपटाला लागून आलेले धाकटे पोर. त्याला खेळात घ्यावयाचे, कारण आईने बजावलेले असते. पण ते आउट झाले तरी आउट नाही, आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. पोर बिचारे धावते, ओरडते, दमते. आणि तासाभराने केव्हातरी त्याला उमगते, की आपण खेळात नव्हतोच! आपण जिला माया म्हणतो ती पुष्कळदा अशी असते.

आता मूळ गोष्ट. मी खेळाडू नव्हे. मॅट्रिक झालो, चित्रकलेच्या शिक्षकाची परीक्षा दिली, आणि गेली वीसेक वर्षे मुलांच्या चित्रांखाली शेरे मारीत आहे. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझी बहीण बरीच वर्षे टोकियोत, निशी-कासाई भागात होती. तिथे आपली माणसे इतकी आहेत, की तिला मराठी विसरण्याची सोय नव्हती. गेल्या वर्षी ती सहकुटुंब परत आली, आणि माझ्या अकरा वर्षांच्या भाचीने दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी बॅगेतून एक फळी आणि दोन डबे काढून माझ्यापुढे मांडले. एका डब्यात काळे खडे, दुसऱ्यात पांढरे.

"मामा, गो शिकतोस?"

शिकतो म्हणालो. अकरा वर्षांच्या पोरीने मास्तरला शिकवावयाचे यात मला मोठी मौज वाटली. ही मौज जेमतेम तीन मिनिटे टिकली.

हा खेळ मूळचा चीनमधला. तिथे त्याला वेइची म्हणतात, कोरियात बादुक आणि जपानात गो. मोठ्या पटावर एकोणीस उभ्या आणि एकोणीस आडव्या रेघा, म्हणजे 361 छेद. खडा चौकटीत ठेवावयाचा नाही, रेघा जिथे छेदतात तिथे ठेवावयाचा. देवळाच्या ओट्यावर कोरलेला वाघ-बकरीचा पट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे नवे वाटणार नाही. तिथेही सोंगटी छेदावरच बसते, आणि बकऱ्या वाघाला मारीत नाहीत, कोंडतात. गोमध्येही कोंडणेच आहे. काळ्याने पहिला खडा ठेवावयाचा, मग पांढऱ्याने, असे आळीपाळीने. एकदा ठेवलेला खडा हलत नाही. खड्याला चार बाजूंनी चार मोकळ्या वाटा असतात. त्या चारही शत्रूने बुजवल्या की खडा उचलला जातो. काठावर तीनच वाटा आणि कोपऱ्यात दोनच. म्हणून कोपऱ्यातला खडा दोघे पकडतात, मधल्याला चौघे लागतात. शेवटी ज्याने अधिक रिकामी जागा वेढली तो जिंकला. इथे राजा नाही, वजीर नाही, सगळी प्यादीच! एक-दोन अडचणीचे नियम आहेत, पण ते अडचण आल्यावर समजतात.

आणि भाचीने ते अडचण आल्यावरच सांगितले. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण माझ्यातला मास्तर तिथे पहिल्यांदा हरला. तिने नऊ-नऊ रेघांचा छोटा पट घेतला आणि म्हणाली, "जो पहिला खडा पकडेल तो जिंकला. चल." ना प्रस्तावना, ना व्याख्या! आपण शाळेत काय करतो? आधी नियम पाठ, मग त्यावर प्रश्नोत्तरे, आणि खेळ वेळ उरला तर. वेळ अर्थातच उरत नाही. या पकडापकडीच्या पद्धतीवर गो शिकवणाऱ्यांतच मतभेद आहेत. नुसते पकडणे शिकलेला माणूस पुढे पकडण्याच्याच मागे धावतो आणि जागा घेणे विसरतो, असे तिचे विरोधक म्हणतात. ते खोटे नाही. मीच त्याचा पुरावा आहे. तरी माझे मत त्या पद्धतीच्याच बाजूचे. तिसऱ्या मिनिटाला मी खेळत होतो आणि चौथ्या मिनिटाला हरलो होतो. याहून वेगवान शिक्षण मी माझ्या नोकरीत पाहिलेले नाही.

त्या हव्यासाची एकच हकीकत सांगतो. पूर्ण खेळ सुरू झाल्यावर एकदा तिचा एक खडा माझ्या तावडीत सापडला. एकच वाट उरलेली. ती निसटली, मी पुढून आडवे घातले. ती वळली, मी पुन्हा आडवे घातले. अशी नागमोडी पायऱ्यांची रांग पटभर चढत जाते. हिला 'शिडी' म्हणतात. पळणारा काठाला पोचला की संपतो. मी मिशीतल्या मिशीत हसत होतो. पण त्या शिडीच्या वाटेवर, पलीकडच्या कोपऱ्यात, तिचा एक खडा आधीपासून बसला होता, इकडे माझे लक्षच नव्हते. तिची रांग त्याला जाऊन मिळाली आणि सुटली. मागे उरले माझे विस्कळीत खडे, एकमेकांपासून तुटलेले. एका खड्याने दोन-दोन ठिकाणी धोक्यात येणारे. पुढच्या पाच मिनिटांत तिने ते वेचून घेतले. पाठलाग सुरू करण्याआधी शेवटपर्यंत नजर टाकावी लागते, हे मी मुलांना रेघ ओढताना रोज सांगतो. स्वतःला कोण सांगणार?

पहिले शंभर डाव लवकर हरून टाका, असे या खेळातले जुने सांगणे आहे. वाचायला ठीक आहे! मी तेविसाव्या डावाला चिडलो. पोरीवर नव्हे, फळीवर. आवाज चढला असावा, कारण स्वयंपाकघरातून बहीण म्हणाली, "अगं, मामाला एकदा तरी जिंकू दे!"

चोविसावा डाव मी जिंकलो.

काय सांगू वाचकहो! मी चहा मागवला. चकली तोंडात टाकली. डाव पुन्हा मांडून, आपले डावपेच कसे सुचत गेले ते तिला समजावू लागलो. खेळून झालेला डाव पहिल्यापासून पुन्हा मांडून दोघांनी मिळून तपासावयाचा, ही गोमधली रीतच आहे. मांडता मांडता मी एका खड्यापाशी थांबलो. कोपऱ्यात तिच्या सबंध गटाचा जीव एका छेदावर टांगलेला होता. गटाच्या पोटात दोन वेगळ्या रिकाम्या जागा, ज्यांना डोळे म्हणतात, राहिल्या तर गट अमर होतो. दुसरा डोळा करायला तिला एकच खडा हवा होता. तो न ठेवता तिने भलतीकडे ठेवला होता. ही चूक मी केली असती. तिने शक्य नव्हते. मी वर पाहिले. तिने मान खाली घातली होती.

"आईने सांगितलं म्हणून," ती पुटपुटली. आणि मग, माझ्याहून तीच अधिक रागावली आहे हे माझ्या ध्यानात आले. "असं नसतं करायचं, मामा. तिकडे कुणी नाही असं करत. खडे देतात." तिने पट साफ केला, चार कोपऱ्यांत चार काळे खडे आधीच ठेवले, आणि पांढरा खडा उचलून म्हणाली, "आता मी खरंच खेळणार."

त्या चार खड्यांसाठी मी हा लेख लिहीत आहे.

गोमध्ये खेळाडूंच्या पायऱ्या असतात. नवखा तिसाव्या क्यूच्या आसपास सुरुवात करतो, उतरत उतरत पहिल्या क्यूपर्यंत येतो, आणि तिथून पुढे पहिला दान, दुसरा दान असा चढतो. हौशी खेळाडूंत दोघांच्यात जितक्या पायऱ्यांचे अंतर, तितके खडे दुबळ्याने मोठ्या पटावर आधी मांडून घ्यावयाचे, साधारण नऊपर्यंत. दोघे तुल्यबळ असले तरी काळ्याला पहिल्या खेळीचा फायदा मिळतो, म्हणून जपानी नियमांत पांढऱ्याला साडेसहा गुण देतात. अर्धा गुण बरोबरी टाळण्यासाठी! म्हणजे कमीजास्तपणा लपवावयाचा नाही. तो मोजावयाचा, पटावर उघडा मांडावयाचा, आणि मग दोघांनीही जीव तोडून खेळावयाचे. कच्च्या लिंबाला सवलत मिळते ती त्याच्या पाठीमागे. इथे ती समोर मिळते, आणि ती घेणाऱ्यावर राज्यही येते!

1962 सालची गोष्ट आहे. जपानातले नामांकित गुरू मिनोरु किटानी आपल्या घरी शिष्य ठेवून घेत. त्या सर्वांच्या दानांची बेरीज शंभरावर गेली, तेव्हा एक समारंभ झाला. कोरियाहून नुकताच आलेला सहा वर्षांचा चो चिकुन तिथे सहाव्या दानाच्या रिन काइहोसमोर बसला. पटावर पाच खडे मांडले होते. पोर जिंकले. पाहुण्यांसमोर पोराचे कौतुक व्हावे म्हणून कुणाला एकही खेळी वाकडी करावी लागली नाही, कारण अंतर आधीच पाच खड्यांनी भरून काढले होते. तोच चो पुढे 1980 साली मेइजिन झाला.

आणि लहानांचेच कशाला? याच किटानींनी 1938 साली वृद्ध मेइजिन शुसाई यांच्याशी डाव मांडला होता. तो जूनमध्ये सुरू झाला आणि डिसेंबरात संपला; मध्ये तीन महिने मेइजिनच्या आजारपणाने तो थांबला. समोर आजारी म्हातारा, त्याचा हा अखेरचा डाव. किटानींनी हात आखडला नाही. पाच गुणांनी जिंकले. 1940 च्या जानेवारीत मेइजिन वारले. वर्तमानपत्रासाठी हा डाव पाहायला बसलेल्या यासुनारी कावाबातांनी पुढे त्यावर कादंबरी लिहिली, आणि ती हरणाऱ्याच्या नावाने, 'मेइजिन'. (आम्ही मराठी कादंबरीकार नायकाला शेवटच्या प्रकरणात जिंकवल्याशिवाय सोडत नाही, हे जाता जाता.) किटानींनी त्या म्हाताऱ्याला दयेपोटी डाव सोडला असता, तर त्या कादंबरीत काय उरले असते?

"पण मुलांचा आत्मविश्वास?" हा प्रश्न मला आताशा इतक्या वेळा विचारतात, की तो एखाद्या औषधाच्या बाटलीवर छापलेला असावा. याच लोकांना गो म्हटले की दुसरा प्रश्न सुचतो : "याने बुद्धी वाढते का? गणितात मार्क पडतात का?" मला माहीत नाही आणि कर्तव्यही नाही. पोराला खेळात घालावयाचे ते मार्कांसाठी, आणि खेळात जिंकू द्यावयाचे ते आत्मविश्वासासाठी. मग पोराने खेळावयाचे केव्हा? तिसरे एक शहाणे म्हणतात, 2016 मध्ये अल्फागो या यंत्राने ली सेडोलला चार विरुद्ध एक असे हरवले, आता हा खेळ शिकून काय मिळवायचे? ली सेडोलला हा प्रश्न पडला आणि 2019 मध्ये तो निवृत्त झाला. त्याला तो शोभतो. अकरा वर्षांच्या भाचीकडून तेवीस डाव हरणाऱ्याने यंत्राची काळजी करू नये.

आत्मविश्वासाबद्दल मात्र माझ्याजवळ एक उत्तर आहे, आणि ते मला आवडत नाही. माझ्या वर्गात एक मुलगा होता. तांब्या काढताना तोंड लंबवर्तुळाकार काढी आणि बूड मात्र फुटपट्टीने ओढल्यासारखे सरळ. तोंड वरून दिसते आहे तर बुडालाही बाक येणार, हे त्याला कधी समजले नाही, कारण मी कधी सांगितले नाही. हात गोड होता, घरची परिस्थिती बेताची, मन हळवे. मी प्रत्येक चित्राखाली 'छान' लिहिले. पाचवीत छान, सहावीत छान, सातवीत छान! आठवीत तो एलिमेंटरीच्या परीक्षेला बसला आणि नापास झाला. निकालाच्या दिवशी तो मला व्हरांड्यात भेटला. रडला नाही. "सर, पण तुम्ही तर छान लिहायचा," एवढेच म्हणाला. पुन्हा त्याने माझ्या तासाला रंगपेटी आणली नाही. हे घडले तेव्हा मी गो पाहिलाही नव्हता. भाचीने मान खाली घातली त्या क्षणी मला तो व्हरांडा आठवला. फरक इतकाच, की तिथे मी भाचीच्या जागी होतो, आणि मला राग आला नव्हता.

हल्ली मी 'छान' लिहीत नाही. चित्राखाली चुकलेली एकच जागा दाखवतो आणि शेजारी पेन्सिलीने ती काढून देतो. एवढी एक रेघ माझी, बाकी चित्र त्याचे. गेल्या महिन्यात एका पालकांनी तक्रार केली, की सर मुलाला नाउमेद करतात. मला बोलावून घेण्यात आले, शेरे उत्साहवर्धक असावेत असे सांगण्यात आले. मी 'बरे' म्हणून आलो. पेन्सिल अजून खिशात आहे.

भाऊबीजेला मी बहिणीकडे पुण्याला जाणार आहे. वर्षभरात चार खड्यांवर मी बरेच डाव हरलो आणि काही जिंकलो. हे जिंकलेले मी तपासून पाहिले आहेत. परवा भाचीचा फोन आला.

"मामा, यंदा तीनच खडे."

"चार," मी म्हणालो.

"तीन. मागचे तीन डाव तू जिंकलास."

बोलणी अजून चालू आहेत.